रॉकेटचं कूळ

मी बब्रुवान मास्तर. गाव ईट, तालुका भूम. चौतीस वर्षं इंग्रजी शिकवली आणि तितकीच वर्षं पोरांवर खेकसलो. मला राग लई लवकर येतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी माझी बाजू घ्यायला नको. तेरखेड्याच्या बाजूला, जिथं घरटी एक माणूस फटाक्याच्या कामाला जातो, तिथल्या एका शाळेत मी सहा वर्षं होतो. शाळेचं नाव सांगत नाही. चूक माझी, शाळेला बट्टा कशाला? तिथली पोरं मला पाठीमागं 'सुतळी' म्हणायची. सुतळी बॉम्बमधली सुतळी. ह्याला वात लावायचीसुद्धा गरज नाही, नुसतं जवळून गेलं तरी उडतो, असं त्यांचं म्हणणं. मला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटायचा.

पण सांगायचंय ते गिरिजाबाईंचं. तेरखेड्यात रॉकेटच्या नळ्या करणारी ही बाई आज सत्तरीची आहे. माहेर सोलापूरचं, विणकराचं, घरात कानडी. बाप मागावर बसायचा आणि घरातल्या पोरी कांड्या भरायच्या. कांडी म्हणजे बोटाएवढी पोकळ नळी. तिच्यावर सूत गुंडाळायचं, ती धोट्यात बसवायची, मग धोटा मागावर इकडून तिकडं पळतो. सहाव्या वर्षापासून गिरिजाबाईंनी हेच केलं. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन त्या तेरखेड्याला आल्या, आणि दुसऱ्याच आठवड्यात सासू नागूबाईनं त्यांना लिंबाखाली बसवून हातात सळई, कागद आणि खळीची वाटी दिली. कागद सळईवर गुंडाळायचा, खळ लावायची, सळई ओढून घ्यायची, नळी वाळत टाकायची. दारू भरायचं काम लांब, वेगळ्या खोल्यांत, दुसरी माणसं करतात. भरून आलेल्या नळीला काडी बांधायचं काम परत बायकांचंच.

पहिल्या दिवशीची पहिली नळी नागूबाईनं हातात घेतली आणि उलटीपालटी करून बघत राहिली. कुठं सैल न्हाय, कुठं सुरकुती न्हाय. "कुठं शिकलीस गं?" तिनं विचारलं. नवी सून लाजत म्हणाली, "कांड्या भरायचे की." हात तोच, फक्त सुताच्या जागी कागद आला होता.

आणि काडी बांधायची त्यांची रीत तर बघण्यासारखी. काडी बांधून झाली की गिरिजाबाई रॉकेट एका बोटावर आडवं धरतात. जिथं नळी संपते आणि नुसती काडी सुरू होते, बरोबर तिथं बोट. डोकं खाली झुकलं तर काडी हलकी आहे, बदला. शेपूट झुकलं तर काडी जड आहे, चाकूनं तासा. बोटावर आडवं तोललं की मगच ते गठ्ठ्यात. त्यांच्या हातचं रॉकेट कुणाच्या गंजीत शिरलं किंवा कुणाच्या खिडकीत घुसलं, असं पन्नास वर्षांत झालं नाही. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मनात म्हटलं होतं, कसला वेळ घालवते ही बाई! माझी अक्कल तेवढीच.

आता कुळाचं. त्या घरात खंडेनवमीची एक रीत आहे. अवजारं तर सगळेच पुजतात, पण नागूबाईच्या घरात प्रत्येक अवजार महादेवापुढं ठेवताना त्याचं कूळ मोठ्यानं सांगायचं. "हा चाकू लोहाराचा. ही काडी बुरडाची. ही वाटी कासाराची." ज्यानं घडवलं त्याचं नाव घ्यायचं, म्हणजे त्याच्या हातालाही नमस्कार पोचतो. गिरिजाबाईंच्या पहिल्या खंडेनवमीला सगळ्या अवजारांची कुळं सांगून झाली, आणि शेवटी नागूबाईनं सुनेच्या हातात एक रॉकेट ठेवलं. "ठेव देवापुढं आन् सांग कूळ."

नव्या सुनेला काय ठाऊक? आजूबाजूला बाया टपून बसलेल्या. कमरेला माहेरची कांडी खोचलेली होती, आईची आठवण म्हणून. घाबरून बोट तिच्यावर गेलं आणि तोंडातून निघून गेलं, "रॉकेट... कांडीचं." मग चुकलं असं वाटून कांडीच काढून रॉकेटशेजारी ठेवून दिली. बाया हसून हसून लोळल्या. "आगं, रॉकेटनं काय आभाळ इनायचंय का?" एक म्हातारी म्हणाली, जुन्या काळी ह्याला बाण म्हणायचे, बाण म्हण आणि कूळ धनुष्याचं सांग. त्यावर गिरिजाबाई हळूच म्हणाल्या, "नाव येकाचं आन् कूळ दुसऱ्याचं कसं लावू?" नागूबाई हसली नाही. ती म्हणाली, "देवापुढं बोललेलं माघारी घेता येत न्हाय. खरं कळंस्तोवर हेच म्हनायचं. खरं कळलं की बदल."

तेव्हापासून दर खंडेनवमीला गिरिजाबाई "रॉकेट कांडीचं" म्हणतात, बाया हसतात, आणि त्या मनातल्या मनात देवाची माफी मागतात. इतरांना ती गंमत होती. त्यांना मात्र वाटायचं, आपण वर्षाचं वर्ष देवापुढं खोटं बोलतोय. ज्यानं घडवलं त्याचा नमस्कार आपण भलत्यालाच पोचवतोय. हे खरं कूळ कळल्याशिवाय सुटणार नव्हतं. शब्द इंग्रजी, तेव्हा इंग्रजीच्या मास्तरला विचारावं, एवढं साधं त्यांनी ठरवलं. आणि लेकीला, शिवकांताला (ती आईला कानडीत अव्वा म्हणायची), सांगून धाडलं.

सत्तावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवीचा वर्ग, धड्यात चंद्रावर गेलेल्या माणसांची हकिकत. मी फळ्यावर शब्द लिहिला, स्पेलिंग तीनदा म्हणून घेतलं आणि सवयीनं विचारलं, "काही शंका?" माझ्या ह्या विचारण्यातच असा दम असायचा की कुणाची शंका काढायची टाप नसे. त्या दिवशी मागच्या बाकावरची शिवकांता उठली. दोन वेण्या, बोटांना वाळलेली खळ.

"सर, रॉकेटचं कूळ कुठलं? म्हंजी हा शब्द कुठून आला? आमच्या अव्वानं इचारलंय."

वर्ग खदाखदा हसला. मला उत्तर ठाऊक नव्हतं. ठाऊक नाही असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि वर ते हसू, माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला. "रॉकेट म्हणजे रॉकेट! नळ्या लाटणाऱ्यांना कुळाशी काय करायचंय? फार हौस आहे ना तुला? मग उत्तर सापडेपर्यंत उभी राहा!"

तास संपला, मी खडू ठेवून निघून गेलो. पोरगी उभीच. पुढच्या तासाच्या बाईंनी तिला बस म्हटलं, तर म्हणाली, "सरांनी सांगितलंय." शाळा सुटेपर्यंत उभी होती. दुसऱ्या दिवशी आली आणि प्रार्थना झाल्यावर आपल्या जागी उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही तेच. मी वर्गात जायचो, तिला बघायचो, आणि एक शब्द, फक्त 'बस' एवढा एक शब्द, माझ्या घशातून बाहेर निघायचा नाही. बस म्हटलं तर उत्तर द्यावं लागलं असतं. चौथ्या दिवशी तिची जागा रिकामी होती.

त्याच दुपारी गिरिजाबाई शाळेत आल्या. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, डोक्यावर पदर. भांडायला आली असणार म्हणून मी आधीच बाह्या सरसावून बसलो. त्या हात जोडून म्हणाल्या, "गुरुजी, तिला बसू द्या. प्रश्न माझा व्हता. उभं करायचं तर मला करा."

"मी कुठं तिला उभी केलीय?" मी म्हटलं. "हट्टी आहे तुमची पोरगी."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हंजी तुमाला ठावं न्हाय व्हय? मंग तसं म्हना की गुरुजी. ठावं न्हाय म्हनायला काय जातंय? आमी तर रोज म्हनतो."

शिक्षकांच्या खोलीत बसलेले सगळे माझ्याकडं वळले. मी गरजलो, "एवढं शिकायचं असेल तर तुम्हीच नाव घाला शाळेत!"  त्यांनी नमस्कार केला आणि गेल्या. शिवकांता परत शाळेत आली नाही. पोरगी हुशार होती. वाचताना अडखळायची नाही, आणि मुख्य म्हणजे विचारायची. दोन वर्षांनी माझी बदली झाली, पण ती रिकामी जागा काही मागं राहिली नाही. दर दिवाळीला गल्लीतली पोरं रॉकेट सोडायला लागली की मी उठून घरात जायचो. घरच्यांना वाटायचं, मास्तरला आवाज सोसत नाही.

आणि तरीही सत्तावीस वर्षांत मी ते उत्तर शोधलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

ह्या श्रावणात माझी नात अर्पिता कॉलेजातून आली ती उशाएवढा जाड इंग्रजी कोश घेऊन. ती धाराशिवला इंग्रजीच घेऊन शिकते. "आजोबा, ह्यात नुसते अर्थ नाहीत," ती म्हणाली. "प्रत्येक शब्द कुठं जन्मला, कुठल्या कुठल्या देशांतून हिंडत आला, सगळं दिलंय." मी चहा पीत होतो. कप खाली ठेवला. तिच्या हातातून कोश ओढून घेतला म्हटलं तरी चालेल. रिटायर होऊन आठ वर्षं झाली, पण पानं अशी उलटत होतो, जसं काही माझीच परीक्षा आहे.

शब्द सापडला. आधी अर्थ. पहिला, शोभेच्या दारूची नळी, जी आपल्याच जोरावर वर जाते. दुसरा, अवकाशात जाणारं यान. मग एक पालाभाजी, पण तिचं कूळ वेगळंच, फक्त नाव जुळलेलं. आणि मग बोलीतला एक अर्थ: कडक शब्दांत केलेली खरडपट्टी. तिथं माझं बोट थांबलं. त्या पोरीनं रॉकेटचं कूळ विचारलं आणि ह्यातला हा एकच अर्थ मी तिला भरभरून दिला होता. मला माझीच लाज वाटली.

त्याखाली बारीक अक्षरात कूळ दिलेलं होतं. ते मी एकदा वाचलं. चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. मग अर्पिताला म्हटलं, "तू वाच. मोठ्यानं वाच." तिनं वाचलं.  मी उठून अंगणात गेलो आणि तिथं उगाच उभा राहिलो. बाप रे बाप, एवढंच तोंडातून येत होतं.

"काय झालं आजोबा?" अर्पिता मागं आली. मी तिला सगळं सांगितलं. ती पोर म्हणाली, "पण आजोबा, हे फोनवर दोन मिनिटांत सापडलं असतं की." फोन माझ्या खिशातच होता. दहा वर्षं आहे.

खंडेनवमीच्या सकाळी मी कोश पिशवीत घातला. भूमला आलो, तिथून एसटीनं वाशी, वाशीहून तेरखेडा. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. कंडक्टर म्हणाला, "काय मास्तर, दागिने का काय?" मी नेहमीसारखा खेकसलो नाही.  बाई हयात असेल का? आणि असली तर मी कुठल्या तोंडानं पुढं जाऊ? उत्तर घेऊन निघालो होतो खरा, पण ज्या पोरीची शाळा त्या उत्तरावाचून सुटली तिला आता त्याचं काय होणार होतं? दोनदा वाटलं, वाशीलाच उतरून माघारी फिरावं.

तेरखेड्याला उतरलो आणि चहाच्या टपरीवर विचारलं, "गिरिजाबाई असतात का हो अजून? रॉकेटच्या?"

"असत्यात की! जात्यात कुठं? आज पूजा हाय, जावा लिंबाखाली."

माझ्या जिवात जीव आला. लिंब तोच होता. खाली सारवलेल्या जागेवर पाट, पाटावर महादेव, आणि आठ-दहा बाया बसलेल्या. मी कुंपणाशी थबकलो. गिरिजाबाई एकेक अवजार ठेवत होत्या. केस पांढरेशुभ्र झालेले, पाठ वाकलेली, आवाज मात्र तोच. "हा चाकू लोहाराचा. ही काडी बुरडाची. ही वाटी कासाराची." मग त्यांनी रॉकेट उचललं आणि आवाज एकदम खाली गेला. पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "रॉकेट कांडीचं." कनवटीची कांडी काढून शेजारी ठेवली. घासून घासून ती काळी गुळगुळीत झालेली. बायांत खसखस पिकली. गिरिजाबाईंनी डोळे मिटून हात जोडले, आणि त्यांचे ओठ हलताना मला दिसले. त्या माफी मागत होत्या.

माझ्याच्यानं राहवलं नाही. चपला काढून मी पुढं झालो. "गिरिजाबाई, मी..."

"वळखलं की," त्या डोळे उघडून म्हणाल्या. "सुतळी मास्तर."

बाया फिस्सकन हसल्या. मीही हसलो. त्यांनी कुणाला तरी पोतं टाकायला सांगितलं, मी बसलो. तेव्हा मला शिवकांता दिसली. चाळिशीची बाई, वेणीत पांढरं, बोटांना तीच वाळलेली खळ. बाजूच्या शेडच्या खांबाला टेकून उभी होती. तिचं सासर गावातच, आता तीही नळ्या करते. मी म्हटलं, "ये, बस ना." ती म्हणाली, "राहू द्या सर." आणि तशीच उभी राहिली.

मी कोश काढून मांडीवर घेतला. "गिरिजाबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आणलंय. लई उशीर केला."

त्यांचा चेहरा उतरला. मला वाटलं होतं त्या खूश होतील. पण त्या घाबरल्या होत्या. पन्नास वर्षांचं खोटं आता पदरात पडणार होतं. "सांगा," त्या म्हणाल्या. "आज बदलून टाकीन. कुणाचं हाय त्ये?"

"सांगतो. नीट ऐका." मी वाचायला लागलो, इंग्रजी वाचायचं आणि मराठीत सांगायचं. "हा शब्द इंग्रजांचासुद्धा नाही. त्यांनी तो घेतला इटली देशातून. तिथं सहाशे वर्षांपूर्वी शोभेच्या दारूच्या नळीला हे नाव होतं. पण दारू तिथं यायच्या आधीपासून तो शब्द होता. तेव्हा त्याचा अर्थ वेगळा होता. तिकडच्या बायका सूत कातायच्या. लोकर, कापूस एका काठीच्या डोक्याला गुंडाळायचा, ती काठी बगलेत धरायची आणि त्यातून धागा ओढायचा. त्या काठीला म्हणायचे रोक्का. आणि धाकटी, लहान रोक्का असेल, सूत गुंडाळायची, तिला म्हणायचे रोकेत्ता."

मी थांबलो. 

"मग तिथं कुणीतरी पहिल्यांदा हे केलं. काठीच्या डोक्याला कागद गुंडाळलेली नळी. ते बघून त्यांना घरातल्या बाईच्या हातातली वस्तू आठवली. आणि त्यांनी तेच नाव ठेवलं. रोकेत्ता. त्याचं झालं रॉकेट. रोकेत्ता म्हणजे काय, ते इथं लिहिलंय गिरिजाबाई. रोकेत्ता म्हणजे कांडी."

 हसणाऱ्या बाया तोंडं उघडी टाकून माझ्याकडं बघत होत्या. एकीनं गालावर हात ठेवला. "आगं माय माय!"

 गिरिजाबाईंनी हात लांब करून पाटावरची कांडी उचलली. दुसऱ्या हातानं रॉकेट उचललं. दोन्ही शेजारी शेजारी धरली. एकाला सूत गुंडाळायचं, एकाला कागद. बघत राहिल्या, बघतच राहिल्या. मग डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"म्हंजी... म्या खोटं न्हवते बोलत?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही एकट्याच खरं बोलत होतात. पन्नास वर्षं. मी इंग्रजीचा मास्तर असून मला ठाऊक नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी गत झाली सगळ्यांची."

"पर मला कसं कळलं वो?" त्या म्हणाल्या, आणि खरोखर मला विचारत होत्या. "म्या तर घाबरून बोलले. त्ये तिकडलं, सात समुद्रापल्याडलं... माझ्या तोंडात कसं आलं?"

मी खूप विचार केला. एसटीतही केला होता. मला एवढंच सुचत होतं की तिकडं ज्यानं नाव ठेवलं त्यानं डोळ्यांनी बघून ठेवलं, आणि ह्या बाईनं हातांनी ओळखलं. पण तेही पुरं पडत नव्हतं. म्हणून म्हणालो, "ठाऊक नाही, गिरिजाबाई."

त्यांनी डोळे पुसले आणि रडता रडता हसल्या. "बगा! आलं की म्हनता!"

मग त्यांनी एकेक विचारायला सुरुवात केली. कुणी ठेवलं नाव? ठाऊक नाही. बाई व्हती का बाप्या? ठाऊक नाही. चंद्राव गेलेलं रॉकेट, त्येबी ह्याच कुळातलं व्हय? हे मला ठाऊक होतं. "व्हय," मी म्हणालो, "तेही ह्याच कुळातलं. चंद्रावर गेलेलं, त्याच्याही पुढं गेलेलं, सगळी ह्या एका कांडीची लेकरं." गिरिजाबाईंनी मान वर केली आणि लिंबाच्या फांद्यांतून आभाळाकडं बघितलं. शेजारच्या बाईनंही बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं, मीही. भर दुपारचं रिकामं आभाळ होतं, तरी आम्ही बघत होतो.

गिरिजाबाईंनी सगळी पूजा पुन्हा मांडली. सळई, चाकू, काडी, वाटी. शेवटी रॉकेट आणि कांडी एकत्र हातात घेतली आणि रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "रॉकेट कांडीचं! सूत कातनाऱ्या बायांचं!" ह्या वेळी कुणी हसलं नाही. सगळ्या बाया पदर डोक्यावर घेऊन पाया पडल्या. मी आयुष्यात शेकडो शब्द फळ्यावर लिहिले आणि पुसले, पण शब्दाच्या पाया पडलेलं माणूस मी कधी बघितलं नव्हतं. मीही डोकं टेकवलं.

डोकं वर केलं तेव्हा शिवकांता समोर होती. अजून उभीच. खांब सोडून दोन पावलं पुढं आली होती.  मी तिच्यासाठी एसटीत काय काय जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवेना.

"सर," ती म्हणाली, "उत्तर सापडलं न्हवं?"

"सापडलं."

"मग आता बसू का खाली?"

ती हसत नव्हती. टोमणाही मारत नव्हती. आठवीतल्या पोरीनं विचारावं तसं विचारत होती.  सत्तावीस वर्षं घशात अडकलेला तो एक शब्द मी कसाबसा बाहेर काढला.

"बस, शिवकांता. चुकलो मी. बस."

ती अव्वाशेजारी मांडी घालून बसली. कांडी उचलून मांडीवर घेतली आणि तिच्यावरून बोट फिरवत राहिली. मी पोत्यावरून उठलो.

"आवं गुरुजी, तुमी कामून उठलाव?" गिरिजाबाई म्हणाल्या. "बसा की."

"राहू द्या," मी म्हणालो. "मला थोडा वेळ उभं राहू द्या."